तिसऱ्या पुकाऱ्याचा रविवार

इझ्रा ब्लँचर्ड अदबीने बोलायला लागला, तेव्हाच जोएल समजला की आता आपलं काही खरं नाही.

त्याआधी म्हातारा त्याला वाट्टेल ते बोलायचा. ब्रायनी पहिल्यांदा जोएलला आजोबांकडे घेऊन गेली, तेव्हा हा गडी अंगणातल्या चिखलात पांढरेशुभ्र बूट घालून उभा. इझ्राने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि नातीला विचारलं, "हा गॉनी कुठून पकडून आणलास?"

परत येताना गाडीत ब्रायनीने अर्थ सांगितला. गॉनी म्हणजे खुळा, पण आपला खुळा. परक्याला गॉनी म्हणत नाहीत, परक्याला सरळ मूर्ख म्हणतात.

"म्हणजे तू पास झालास," ती म्हणाली.

जोएल ग्रिम्सबीचा, शहरात वाढलेला. स्केल्डथॉर्पच्या खेड्यात तो आला पाणी उपसणाऱ्या पंपांच्या कामाला. इथली जमीन समुद्राच्या बरोबरीला, पंप बंद पडले की बघता बघता शेतांची तळी होतात. ब्रायनी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. तिची आई ती लहान असतानाच स्पेनला गेली ती तिकडचीच झाली, आणि आईच्या आईवडिलांनी, म्हणजे इझ्रा आणि त्याच्या बायकोने, आपलं आडनाव देऊन पोरीला वाढवलं. आजी गेली. राहिला इझ्रा, थोड्या मेंढ्या, आणि शब्द.

शब्द म्हणजे ढीगभर. लिंकनशायरमध्ये पूर्वी सगळे बोलायचे, आता बोटावर मोजण्याइतके लोक बोलतात, तसले. खवट बेकन असलं की इझ्रा त्याला 'रीस्टी' म्हणायचा. रुसलेलं पोर 'मार्डी'. काठीने बिळात ढोसणं म्हणजे 'प्रॉगल'. आणि तो नुसता बोलायचा नाही, चूक वापरला तर अडवायचा.

एकदा फेब्रुवारीत जोएल कुडकुडत म्हणाला, "मी फार नेश झालोय."

"नाही झालास."

"थंडी वाजतेय की मला."

"फेब्रुवारीत सगळ्यांनाच वाजते. मे महिन्यात वाजली तर तू नेश. फेब्रुवारीत तू नुसता माणूस."

जोएलला हे भयंकर आवडायला लागलं. शाळेत त्याचं डोकं कधी चाललं नव्हतं, पण हे चालायचं. पंपाच्या शेडमध्ये डबा खाताना तो मनातल्या मनात घोकायचा. आणि मग त्याने तो गाढवपणा केला.

गेल्या ऑक्टोबरची गोष्ट. पाऊस थांबलेला, इझ्रा फाटकाशी उभा राहून चिखलाचे प्रकार समजावत होता. बूट धरून ठेवतो तो चिखल 'क्लार्टी'. पायाखालून सटकतो तो 'स्लेप'. "धरतो तो क्लार्टी, सोडतो तो स्लेप. एकाच शेतात दोन्ही असतात, बायकोसारखं," असं म्हणून म्हातारा स्वतःच हसला. जोएलने ते फोनवर घेतलं. घेतलं ते घेतलं, रात्री त्याला मेंढीचं बें-बें जोडलं, वर लिहिलं 'कुणीतरी या आजोबांना दुभाषी द्या', आणि नेटवर टाकलं. मित्र हसतील, एवढाच विचार. विचार म्हणजे तरी काय, विचार नव्हताच.

मित्र हसले. मग मित्रांचे मित्र हसले. मग कोण कुठले हसले.

पुढच्या गुरुवारी इझ्रा मेंढ्यांचं खाद्य आणायला बाजाराच्या गावी गेला, तर दुकानाबाहेरच्या पोरांनी "क्लार्टी, क्लार्टी" करून बें-बें केलं. त्याला काही कळेना. शेवटी दुकानातल्या बाईनेच बिचारीने आपला फोन काढून दाखवला.

जोएलने त्याच संध्याकाळी ते काढून टाकलं. माफी मागायला गेला. इझ्राने दार उघडलं, बाजूला सरकून उभा राहिला आणि म्हणाला, "या, मिस्टर स्टॅमर्स. आपण चहा घेणार का?"

बातम्या वाचणाऱ्या माणसासारखा आवाज. स्वच्छ, सपाट.

"आजोबा, मी फार मोठी चूक केली."

"आपण त्याची चिंता करू नये."

बस. तिथून पुढे सगळा हिवाळा असाच गेला. इझ्रा भांडला नाही, टोमणा मारला नाही. ब्रायनीशी तो नेहमीसारखा बोलायचा, मेंढ्यांना नेहमीसारख्या शिव्या द्यायचा, आणि जोएल आला की तोंडातले सगळे जुने शब्द गिळून टाकायचा. एखाद्याने नकोसा पाहुणा आल्यावर चांगली भांडी उचलून कपाटात ठेवावीत तसं. रविवारी जेवायला बसलं की, "मिस्टर स्टॅमर्स, आपल्याला बटाटे वाढू का?"

जानेवारीत जोएलने स्वतःच प्रयत्न करून पाहिला. बूट काढता काढता तो म्हणाला, "आज वाट फारच क्लार्टी आहे, नाही?"

इझ्राने खिडकीबाहेर पाहिलं. "होय," तो म्हणाला. "वाट ओली आहे."

त्यापेक्षा कानाखाली दिली असती तर बरं, असं जोएल ब्रायनीला म्हणाला.

लग्न ठरलं होतं त्या व्हिडिओच्या आधीच, तारीख जूनची. गावातल्याच चर्चमध्ये, आणि जुन्या पोथीप्रमाणे, कारण ब्रायनीच्या आजी-आजोबांचं तसं झालं होतं. जुन्या पोथीत नवऱ्यामुलाला असलं इंग्रजी बोलावं लागतं की जीभ अडखळते. 'ट्रोथ' द्यायचा असतो. ट्रोथ म्हणजे वचन, पण नुसतं वचन नाही, आपला खरेपणाच दुसऱ्याच्या हातात ठेवायचा. जोएलने हा अर्थ फोनवर शोधून काढला. इझ्राला विचारायची सोय राहिली नव्हती.

चर्चमध्ये लग्न करायचं तर आधी तीन रविवारी नावं पुकारतात. पाद्री भर प्रार्थनेत वाचून दाखवतो की अमुक आणि तमुक लग्न करणार आहेत, कुणाला काही रास्त हरकत ठाऊक असेल तर आत्ताच सांगा. कुणी काही सांगत नाही. सगळे चुळबुळ करतात, एखादा खोकतो, आणि पाद्री पुढे जातो. स्केल्डथॉर्पची पाद्रीबाई, रेव्हरंड फिलिपा, नवीन होती, दक्षिणेकडची. तिच्याकडे आजूबाजूच्या गावांची मिळून बरीच चर्चं होती, त्यामुळे इथे प्रार्थना व्हायची एक आड एक रविवारी. तिने फोन करून उत्साहाने सांगितलं, "तुम्ही दोघं या ना ऐकायला. जोडपी येतात, छान वाटतं."

ब्रायनीने हे आजोबांना सांगितलं आणि इझ्राच्या हातातली सुरीच थांबली.

"अजिबात जायचं नाही."

"का पण?"

"आपली नावं आपण ऐकली तर पोरं मुकी-बहिरी होतात."

"आजोबा, हे खरं नाही."

"खरं नसेल. तरी जायचं नाही."

म्हणून ते गेले नाहीत. पहिला पुकारा झाला, काही झालं नाही. दुसरा झाला, काही झालं नाही. इझ्रा दोन्ही वेळा आपल्या बाकावर बसून होता, हूं की चूं केलं नाही, असं मेव्हिसने सांगितलं. मेव्हिस चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि उरलेल्या वेळात गावाचं वर्तमानपत्र चालवायची, तोंडी.

आणि मग तिसऱ्या पुकाऱ्याच्या आधीच्या मंगळवारी मेव्हिस शाळेच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"तुला सांगू की नको, असं झालंय मला," ती ब्रायनीला म्हणाली. म्हणजे सांगणारच होती. "तुझे आजोबा आज कबरींमधलं गवत काढत होते. मी म्हटलं, काय इझ्रा, रविवारी तिसरा पुकारा, मग सुटलात. तर म्हणाले, 'रविवारी मी उभा राहणार आहे. मला म्हणायचंय ते म्हणणार आहे.'"

"काय म्हणायचंय?"

"ते नाही बोलले. तोंड असं करून गवत काढायला लागले."

ब्रायनीने एप्रनसकट आजोबांचं घर गाठलं. इझ्रा मेंढीच्या खुरात अडकलेला खडा काढत होता.

"आजोबा, रविवारी तुम्ही चर्चमध्ये काय बोलणार आहात?"

"चर्चमधलं चर्चमध्ये."

"जोएलबद्दल आहे?"

"दोघांबद्दल आहे. धर जरा हिला."

ती मेंढीला धरून उभी राहिली आणि तिला दुसरं काही विचारता आलं नाही.

संध्याकाळी तिने जोएलला सगळं सांगितलं. दोघं स्वयंपाकघरात बसले होते, मध्ये प्लम ब्रेड आणि चीज, कुणी हात लावत नव्हतं.

"हरकत म्हणजे कायद्याची हरकत लागते," जोएल म्हणाला. त्याने शोधलं होतं. "मी आधीच लग्न केलेलं असलं, किंवा आपण भाऊ-बहीण असलो, तर. नवरा मुलगा आवडत नाही, ही हरकत होत नाही. पाद्रीबाई चौकशी करेल आणि सोडून देईल."

"मला माहितीये."

"मग?"

ब्रायनी ब्रेडचा तुकडा बोटाने ढकलत राहिली. "ते सगळ्या गावासमोर उभे राहिले आणि नको म्हणाले, तर मी नाही करणार रे. कायदा काहीही म्हणू दे. रागावू नको. आई स्पेनला गेली तेव्हा मी किती महिने कुणाशी बोलत नव्हते. ते रोज मला शेतात न्यायचे आणि एकेका गोष्टीचं नाव सांगायचे. बोल म्हणायचे नाहीत, नुसतं सांगायचे. त्यांच्या शब्दांनीच मी परत बोलायला लागले." ती थांबली. "आणि तू त्याच शब्दांवर मेंढी लावलीस."

हे तिने इतक्या महिन्यांत पहिल्यांदा म्हटलं होतं. ओरडून नाही.

बातमी पाद्रीबाईपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. शुक्रवारी तिचा फोन आला तेव्हा जोएल पंपाखाली उताणा पडला होता.

"जोएल, मला स्पष्टच विचारू दे. मला माहीत असायला हवं असं काही आहे का? म्हणजे, तुमचं आधी कुठे लग्न वगैरे..."

"नाही हो."

"मुलं?"

"नाही."

"कर्जबाजारी, तुरुंग..."

"पाद्रीबाई, मी त्यांचा व्हिडिओ काढला होता."

"तो मेंढीचा?" ती हळूच म्हणाली. म्हणजे तिनेही पाहिला होता. दक्षिणेपर्यंत गेला होता मेला.

रविवारी सकाळी त्याने ब्रायनीला सांगितलं की उत्तरेकडच्या पंपावर जाऊन येतो. तिने मान हलवली. बटाटे सोलत होती, एका बटाट्याची सालं निघून गेली तरी सोलतच होती.

जोएल पंपावर गेला नाही. घंटा वाजून सगळे आत गेल्यावर तो मागच्या दाराने चर्चमध्ये शिरला आणि बाप्तिस्म्याच्या कुंडाजवळच्या जाड खांबामागे उभा राहिला. मुकी-बहिरी पोरं वगैरे त्याच्या डोक्यात होतं, पण घरी बसवेना. जे काही म्हातारा बोलणार, ते मेव्हिसच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा सरळ कानांनी ऐकलेलं बरं. आणि दुसराही एक विचार होता. म्हाताऱ्याने हरकत घेतली, तर तिथेच पुढे व्हायचं आणि सगळ्यांसमोर माफी मागायची. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, मग माफीही सगळ्यांनी पाहावी. त्यासाठी त्याने एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं. खांबामागे उभं राहिल्यावर त्यातला एक शब्दही आठवेना.

माणसं फार नव्हती. नेहमीची म्हातारी मंडळी, दोन कुटुंबं, एक कुत्रा. पण नेहमी न येणारेही काही आले होते आणि आपण सहज आलोय असं तोंड करून बसले होते. इझ्रा डाव्या हाताच्या बाकावर, टोकाला. काळा कोट. हा कोट तो फक्त मयताला घालायचा.

भजन झालं. पाद्रीबाईने कागद घेतला.

"जोएल स्टॅमर्स आणि ब्रायनी ब्लँचर्ड, दोघेही याच गावचे, यांच्या विवाहाचा हा तिसरा पुकारा," ती म्हणाली. "या दोघांनी विवाहबंधनात पडू नये, असं कारण किंवा रास्त हरकत कुणाला ठाऊक असेल, तर ती सांगावी."

कुणी खोकलं नाही. या वेळी खोकायला कुणाला फुरसत नव्हती. सगळ्यांच्या माना समोर आणि डोळे डावीकडे.

बाक करकरला. इझ्रा उठला.

त्याने टोपी छातीशी धरली होती. सावकाश सरळ झाला, आधी एक गुडघा, मग दुसरा. जोएलने खांबाला हात टेकला. दगड बर्फासारखा गार.

पाद्रीबाई घाईने म्हणाली, "मिस्टर ब्लँचर्ड, काही हरकत असेल तर आपण प्रार्थनेनंतर आतल्या खोलीत शांतपणे..."

इझ्राने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो वेदीकडे बघत होता. घसा साफ केला आणि मोठ्याने, स्वच्छ, जुन्या लिंकनशायरी हेलात म्हणाला,

"गॉड स्पीड देम वेल."

देव त्यांचं भलं करो.

आणि उभा राहिला तसाच.

कुणाला काही कळेना. पाद्रीबाईच्या हातातला कागद खाली झुकला. कुत्र्याने जांभई दिली. मग ऑर्गनपाशी मेव्हिसच्या तोंडून एक आवाज निघाला, हुंदका आणि हसू यांच्या मधला, आणि ती म्हणाली, "आमेन." उठताना तिचा पाय पट्टीवर पडला आणि ऑर्गन म्हशीसारखा हुंकारला. पुढच्या बाकावरच्या एका पार वाकलेल्या म्हाताऱ्याने मान वर केली. त्याला बहुतेक काहीतरी खूप जुनं आठवलं असावं. "आमेन," तोही म्हणाला. मग आणखी एक-दोघं.

"झालं माझं," इझ्रा म्हणाला आणि बसला. "चालू द्या, पाद्रीबाई."

खांबामागे जोएल मागे टेकायला गेला, तिथे भजनांच्या पुस्तकांचा ढीग होता, तो धडाधड खाली आला. सगळं चर्च वळलं.

"कोण आहे तिकडे?" इझ्राने विचारलं.

लपण्यात अर्थ नव्हता. जोएल हातात दोन पुस्तकं घेऊन खांबामागून बाहेर आला.

इझ्रा त्याच्याकडे बघतच राहिला. महिनोन्महिने चेहऱ्यावर बसवलेली ती सपाट अदब, ती कुठल्या कुठे गेली.

"अरे गॉनी," तो म्हणाला, सगळ्या गावासमोर, देवासमोर. "तुला सांगितलं होतं ना येऊ नको म्हणून? आता पोरं मुकी झाली म्हणजे?"

"असं काही नसतं हं, मिस्टर ब्लँचर्ड," पाद्रीबाई म्हणाली.

"तुमच्याकडे नसेल."

लोक हसले. जोएलही हसायला गेला, तर डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते थांबेचना. तो खाली बसून पुस्तकं गोळा करायला लागला, एकेक करून, अगदी सावकाश.

प्रार्थना संपल्यावर पाद्रीबाईने दोघांना दारातच अडवलं. ते काय होतं ते तिला समजून घ्यायचंच होतं.

"माझे वडील या चर्चचे क्लार्क होते," इझ्रा म्हणाला. "पाद्रीच्या खालच्या मेजावर बसायचे. तुम्ही देवाच्या वतीने बोलणार, ते गावाच्या वतीने. तिसऱ्या पुकाऱ्याला त्यांनी उठून हे म्हणायचं. वडील गेल्यावर क्लार्कच ठेवला नाही कुणी, मग म्हणायचं कुणी? माझ्या पुकाऱ्याला म्हटलं होतं त्यांनी. मी घरी होतो अर्थात," त्याने जोएलकडे एक नजर टाकली. "मला आईने येऊन सांगितलं."

"पण हरकत विचारल्यावर कुणी बोललं नाही, म्हणजे संमतीच झाली की," पाद्रीबाई म्हणाली.

"गप्प बसणं म्हणजे हो नव्हे. गप्प बसणं म्हणजे गप्प बसणं." तो जोएलच्या अंगावरून पलीकडे, कबरींकडे बघत होता. "गेला हिवाळाभर मी गप्पच बसलो होतो. म्हणून म्हटलं, आता उठून बोलायला हवं."

"आणि स्पीड म्हणजे इथे..."

"भरभराट. भलं होणं. घाई नंतर आली त्या शब्दात, माणसांबरोबर."

पाद्रीबाईने ते पुटपुटून पाहिलं. मग म्हणाली, पुढच्या पुकाऱ्यांना तुम्ही हे म्हणाल का, दुसऱ्यांच्याही. इझ्रा म्हणाला, बघू. त्याला ते आवडलं होतं, कान लाल झाले होते.

दोघं पायवाटेने घराकडे निघाले. रात्रभर रिमझिम झाली होती, धुकं अजून शेतांवर पडून होतं.

"आधी सांगायचं ना," जोएल म्हणाला. "आठवडाभर कुणी जेवलं नाही आमच्याकडे."

"आधी सांगून काय मजा? आणि ज्यांचं लग्न त्यांना सांगायचंच नसतं." मग थोड्या वेळाने, "शिवाय खरं सांगू? तू घाबरलायस ते बघून जरा बरं वाटत होतं मला."

"फ्रिट होतो मी. फार फ्रिट होतो."

"होतो नाही. स्वतःला कुणी फ्रिट म्हणत नाही. तो दुसऱ्याने म्हणायचा शब्द आहे. चेहरा पांढरा पडतो तो आपला आपल्याला दिसतो का?"

"मग मी काय म्हणायचं?"

"तू म्हणायचं, मी घाबरलो. मी म्हणायचं, हा फ्रिट होता."

जोएलने हे नीट ऐकून घेतलं. पुढे फाटक आलं. त्याने ते उघडून धरलं, आणि पाठ केलेलं सगळं विसरलेलं असल्यामुळे जे सुचलं ते बोलला. "आजोबा, तुम्ही मला जे देत होतात ते मला आवडत होतं. खरंच आवडत होतं. आणि तेच मी चेष्टेला लावलं. का लावलं ते मला अजून कळलेलं नाही."

इझ्रा फाटकातून पुढे गेला. "मला कळलंय," तो म्हणाला. "ज्याची चेष्टा होईल अशी भीती असते, त्याची आपणच आधी करून टाकतो. मीही शाळेत तेच केलं होतं, मास्तरांसमोर. वडिलांच्या बोलण्याची नक्कल."

"मग राग गेला?"

"नाही. आहे अजून थोडा. राग वेगळा, लग्न वेगळं. जप, तिथे स्लेप आहे."

जोएलने पाय जपून टाकला आणि तरीही घसरला. म्हाताऱ्याने दंड धरला म्हणून वाचला. घर येईपर्यंत इझ्राने तो दंड सोडला नाही, आणि कोण कुणाला धरून चाललंय ते बघणाऱ्याला कळलं नसतं.

ब्रायनी दारातच उभी होती. पंपावर गेलेला माणूस आजोबांच्या हातात हात घालून येताना बघून ती पांढरी पडली.

"ही बघ," इझ्रा जोएलला हळूच म्हणाला. "ही फ्रिट."

"काय झालं?" ती म्हणाली. "काय बोललात तुम्ही? आजोबा, काय बोललात?"

इझ्राने टोपी काढली आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं, या वेळी हळू, फक्त तिला. आणि तिच्या पणजोबांचं सांगितलं. आणि तिच्या आईचं लग्न सरकारी कचेरीत झालं, तिथे नाव पुकारायची पद्धत नाही, म्हणून तिच्यासाठी म्हणायचं राहूनच गेलं, तेही सांगितलं. हे त्याने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. ब्रायनी पायरीवर बसली आणि एप्रनमध्ये तोंड घालून रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. मग उठून म्हणाली की बटाटे करपले असतील, आणि आत पळाली. बटाटे खरंच करपले होते.

तिघं जेवायला बसले. करपलेली बाजू इझ्राने स्वतःकडे घेतली. किटलीत चहा तयार होता, ती पलीकडे चुलीवर. सवयीने जोएल वाट बघत होता, म्हातारा विचारेल म्हणून. सगळा हिवाळा विचारत होता.

इझ्राने तोंडातला घास संपवला.

"माझ्या तोंडाकडे काय बघतोस?" तो म्हणाला. "चहा हवा तर ऊठ आणि घे. हात मोडलेत का?"

जोएल उठला. तिघांचे कप भरले, त्यातला अर्धा बशीत सांडला.